ईआरव्ही घ्यावा का? आधी हवेचा रस्ता ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर टू बीएचके. गेल्या दिवाळीआधी जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या बसवल्या. रस्त्याचा आवाज आणि मेट्रोच्या कामाची धूळ कमी झाली, पण तेव्हापासून बेडरूम कोंदट वाटते आणि सकाळी उठल्यावर दोघांचेही डोके जड असते. वडिलांना दमा आहे. एअर प्युरिफायर आणला, तो रात्रभर हिरवा दिवा दाखवतो, तरी फरक नाही. आता एका विक्रेत्याने अख्ख्या घरासाठी ईआरव्ही सुचवला आहे, म्हणजे जुनी हवा बाहेर टाकून ताजी आत आणणारे आणि वाटेत दोन्हींच्या उष्णतेची व ओलीची अदलाबदल करणारे यंत्र. डक्ट आणि फॉल्स सीलिंगसह कोटेशन दोन लाखांच्या वर आहे. घ्यावा का?

सध्या घेऊ नका. त्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात तुमची बेडरूमची अडचण सुटते. आणि तुमच्या वर्णनावरून घरातल्या हवेचा सर्वांत मोठा गुन्हेगार मला स्वयंपाकघरात दिसतो. त्याला तो ईआरव्ही हातही लावणार नाही. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात घरांची आणि लहान दवाखान्यांची वायुवीजनाची कामे मी करतो. माझा अनुभव असा की हवा कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार आणि वाटेत काय गाळायचे, एवढे ठरले की यंत्र आपोआप ठरते. विक्रेता मात्र मॉडेलच्या कॅटलॉगपासून सुरुवात करतो, कारण त्याच्याकडे तेच असते.

आधी झाले काय ते पाहू. जुन्या सरकत्या खिडक्यांच्या फटींतून धूळ यायची, आवाज यायचा आणि हवाही यायची. नव्या खिडक्यांनी तिन्ही बंद केले. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतो असा समज अजून सर्रास आहे. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो. बाहेरच्या युनिटशी जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. म्हणजे रात्री दार-खिडकी लावून झोपलात की सकाळपर्यंत तुम्ही दोघे तीच हवा पुन्हा पुन्हा घेता.

हिशेब सोपा आहे. झोपलेला प्रौढ माणूस ताशी साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २४-२५ लिटर. तुमची ११ बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३५ घनमीटर. बाहेरच्या हवेत हा वायू सव्वाचारशे पीपीएमच्या (दहा लाख भागांत सव्वाचारशे भाग) आसपास असतो. खोली अगदी घट्ट बंद असेल तर तो दर तासाला सातशे पीपीएमने चढत जाईल. प्रत्यक्षात थोडी गळती असतेच, त्यामुळे पहाटेपर्यंत आकडा दोन ते तीन हजारांच्या दरम्यान जाऊन बसतो. एवढ्या प्रमाणात तो विषारी नसतो, त्या आकड्याने घाबरून जाऊ नका. पण खोलीतली हवा किती शिळी झाली याचे ते चांगले माप आहे. तो वायू साचला म्हणजे श्वासातली वाफ, अंगाचा वास, नव्या प्लायवूडमधून सुटणारी रसायने हेही सगळे साचलेले असते. जड डोके आणि झोप पुरी न झाल्यासारखे वाटणे हे अशा खोल्यांतले नेहमीचे गाऱ्हाणे.

प्युरिफायरचा हिरवा दिवा खोटा नाही. त्याचा सेन्सर धूळ मोजतो आणि धूळ त्याने खरोखरच गाळलेली असते. कार्बन डायऑक्साइड, ओल आणि बहुतेक वायू त्या फिल्टरमधून सरळ आरपार जातात. त्यामुळे प्युरिफायर टाकून देऊ नका, पण त्याच्याकडून ताज्या हवेची अपेक्षाही करू नका. त्यात आयोनायझरचे बटण असेल तर ते मात्र बंदच ठेवा. त्यातून थोडाफार ओझोन तयार होऊ शकतो, आणि दम्याच्या माणसाला तो नको.

पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर मोजा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना तो एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी थेट हाच वायू मोजणाऱ्या) सेन्सरचा आहे ना, हे पाहून घ्या. स्वस्त मीटरवर ‘ईसीओटू’ असे लिहिलेले असते. ते दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि अगरबत्ती लावली की तीन हजार दाखवतात. मीटर पलंगाच्या उंचीवर, तोंडापासून दोन-तीन हात लांब ठेवा, खिडकीच्या चौकटीवर नको. एक रात्र दार बंद, एक रात्र दार उघडे, एक रात्र खिडकी दोन बोटे उघडी, अशा नोंदी घ्या. सोबत साधा आर्द्रतामापक ठेवा. दार उघडे ठेवल्याने आकडा हजार-बाराशेवर थांबत असेल, तर काही घरांत तेवढ्यावर भागते आणि खर्च शून्य. तुमच्याकडे हॉलही रात्री बंदच असतो, म्हणून तेवढ्याने पुरेल असे मला वाटत नाही. पण मोजल्याशिवाय मीही ठाम बोलणार नाही.

आता हवा किती लागते. आकडा हजारच्या खाली ठेवायचा तर दोघांच्या खोलीला ताशी सुमारे ४५ घनमीटर बाहेरची हवा हवी, म्हणजे पंचवीस-सव्वीस सीएफएम (मिनिटाला घनफूट). अख्ख्या घरासाठी अमेरिकेतल्या ॲश्रे संस्थेचे ६२.२ हे मानक वापरतात. त्याचा हिशेब असा: दर चौरस फुटाला ०.०३ सीएफएम, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याला साडेसात सीएफएम. तुमच्या साडेसातशे चौरस फुटांना आणि दोन बेडरूमना ते ४५ सीएफएम येते. विक्रेत्याने सुचवलेले यंत्र याच्या कितीतरी पट मोठे आहे. मोठे यंत्र म्हणजे मोठा डक्ट, जास्त आवाज आणि एसीवर जास्त बोजा.

ही हवा आणायच्या पद्धती मुळात तीनच. एक, हवा बाहेर फेकणारा पंखा लावायचा आणि आत येणारी हवा फटींतून येईल असे धरून चालायचे. दोन, गाळलेली हवा आत ढकलायची आणि घरातली जुनी हवा फटींतून निघून जाऊ द्यायची. तीन, दोन्ही बाजूंना पंखे. हाच ईआरव्ही किंवा एचआरव्ही.

पहिली पद्धत स्वस्त. दोन-चार हजारांच्या एक्झॉस्ट फॅनमध्ये काम होते, पण बेडरूमसाठी मी ती सुचवत नाही. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा आत येणारी हवा कुठून येईल हे तुमच्या हातात राहत नाही. ती लिफ्टच्या लॉबीतून येते, बाथरूमच्या डक्टमधून येते, नहाणीच्या जाळीतले पाणी आटले असेल तर तिथूनही येते. वर कोकणपट्टीत बाहेरची दमट हवा भिंतींच्या फटींतून ओढली जाऊन एसीने गार झालेल्या पृष्ठभागावर पाणी धरते. थंड देशांत उलटे असते. तिथे आत दाब वाढवला की घरातली वाफ भिंतीत शिरून गोठते, म्हणून तिकडची पुस्तके आत हवा ढकलण्याबद्दल सावध करतात. ती सूचना वाचून घाबरलेले गिऱ्हाईक मला दर वर्षी भेटते. एसी चालणाऱ्या ठाण्यातल्या घरात किंचित दाब आतून बाहेर असणेच बरे.

म्हणून तुमच्या दोन्ही बेडरूमसाठी दुसरी पद्धत. प्रत्येक खोलीत फिल्टर बसवलेला, हवा आत आणणारा एक लहान पंखा. बाजारात त्याला फ्रेश एअर युनिट म्हणतात. तयार भिंतीवरचे मिळते किंवा चार इंची इनलाइन फॅन आणि फिल्टरचा डबा जोडून करून घेता येते. फक्त हवेला निघायला वाट ठेवा. तोंडाने बाटलीत हवा भरून पाहा, दुसरे भोक नसेल तर एक फुंकरही आत मावत नाही. बेडरूमच्या दाराखाली पाऊण ते एक इंच फट हवी, आणि हॉलकडून बाथरूमच्या व्हेंटिलेटरपर्यंत वाट मोकळी हवी. फर्निचरवाल्याने दाराखाली ब्रशची पट्टी लावली असेल तर काढून टाका.

आता ईआरव्हीची खरी बाजू, कारण विक्रेता म्हणेल की बाहेरची गरम हवा थेट आत घेतली तर विजेचे बिल फुगेल. एचआरव्ही फक्त उष्णतेची अदलाबदल करतो. ईआरव्हीतला कागदासारखा पडदा वाफेचीही करतो. बाहेर जाणारी थंड कोरडी हवा आत येणाऱ्या गरम दमट हवेला वाटेतच थोडी निववते. तत्त्व पक्के आहे. आकडे मात्र तुमच्या खोलीचे लावून पाहू. मे महिन्यातली रात्र, बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. आत २५ अंश आणि ५५ टक्के. ताशी ४५ घनमीटर हवा गार आणि कोरडी करायला एसीला साधारण ३५० वॉट शीतकरण लागते, म्हणजे चांगल्या इन्व्हर्टर एसीत १०० वॉट वीज. आठ तासांचे पाऊण ते एक युनिट. ईआरव्ही यातले निम्मे किंवा थोडे जास्त वाचवेल. पण त्याचे दोन पंखे आणि दोन फिल्टर असतात, तेच रात्रभरात पाव ते अर्धा युनिट खातात. साधा पुरवठा पंखा त्याच्या निम्म्यात भागवतो. निव्वळ बचत रोज दोन-तीन रुपये, तीही वर्षातले सहा-सात महिने. या बचतीवर दोन लाख फिटायची वाट पाहू नका.

ईआरव्हीच्या बाजूने बोलायला खरा मुद्दा आहे तो ओलीचा. वरच्याच हिशेबात त्या ताज्या हवेबरोबर रात्रभरात तीन लिटरच्या आसपास पाणी खोलीत येते आणि ते सगळे एसीला काढावे लागते. खोली पटकन गार झाली की इन्व्हर्टर एसी मंदावतो आणि मग पाणी काढण्याचे काम नीट करत नाही. दीड टनाचा एसी सव्वाशे चौरस फुटांत लावलेला असेल तर हे हमखास होते. तुमच्याकडे एक टनाचा आहे, ते बरे. आर्द्रतामापकावर सकाळी साठच्या वर आकडा दिसू लागला तर एसी ड्राय मोडवर टाका किंवा ताज्या हवेच्या पंख्याचा वेग एक पायरी खाली आणा.

कुणी ईआरव्ही घ्यावा, तर ज्यांच्याकडे चार-चार खोल्यांत दिवसाचे सोळा-अठरा तास एसी चालतो, ज्यांच्या खिडक्या आवाजामुळे वर्षभर उघडतच नाहीत आणि ज्यांचे इंटिरिअर आताच सुरू आहे, म्हणजे फॉल्स सीलिंग तसेही होणार आहे. तुमचे इंटिरिअर नुकतेच झाले आहे. आता डक्ट टाकायचे तर साडेनऊ फुटांची उंची साडेआठवर येईल आणि बीमला वळसे घालत गेलेल्या डक्टमध्ये निम्मी हवा वाटेतच अडेल. भिंतीत बसणारे, सत्तर-ऐंशी सेकंदांनी दिशा बदलणारे सिरॅमिकच्या गाभ्याचे छोटे पंखेही मिळतात. जर्मनीत ते लोकप्रिय आहेत. तो गाभा मुख्यतः उष्णता साठवतो, ओल फारशी नाही, आणि आपल्याकडे रात्री आत-बाहेर तीन-चार अंशांचाच फरक असतो. इथे ते मी लावत नाही. नेदरलँड्समध्ये किंवा न्यू जर्सीत राहणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी माझे हे मत तिकडे लावू नये. बाहेर उणे पाच आणि आत एकवीस असताना उष्णता परत मिळवणारे यंत्र आपली किंमत वसूल करते.

बसवण्याकडे वळू, कारण चांगली यंत्रे इथेच वाया जातात. घोडबंदरचे बहुतेक नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत. त्यांत विटांची भिंत नसते, बाहेरची प्रत्येक भिंत सळया घातलेल्या काँक्रीटची असते. कोअर कटिंगवाला दहा मिनिटांत चार इंची भोक पाडून देतो आणि सोबत सळयाही कापतो. सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घेतल्याशिवाय तिथे हात लावू नका. मी अशा इमारतींत खिडकीचाच उपयोग करतो. यूपीव्हीसीच्या चौकटीतली वरची एक काच काढून तिथे एसीपीचा (पातळ धातूच्या थरांचा) पॅनेल बसवायचा आणि नळी त्यातून घ्यायची. घर विकताना किंवा बदलताना काच परत लावता येते. तुमच्या खिडक्यांना वर वेगळा छोटा भाग नसेल तर खिडकीवाल्याकडून एका सरकत्या झडपेचा उभा पट्टा करून घ्या.

बाहेरचे तोंड कुठे येते याकडे स्वतः उभे राहून पाहा. शेजाऱ्याच्या चिमणीचा पाइप, टॉयलेटचा डक्ट, गॅस गिझरची नळी यांपासून किमान दहा फूट अंतर हवे. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या कट्ट्याजवळ तर नकोच. तिथे कबुतरे असतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार दम्यापेक्षा वाईट असू शकतो. तुमच्या कट्ट्यावर घरटे असेल तर यंत्राच्या आधी ते काढा, ओले करून आणि मास्क लावून, आणि जाळी बसवा. नळीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, वर पावसाचे टोपण, आत बारीक जाळी. तुमच्या बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे. जूनमधला पहिला झोडपा थेट तिथे येतो. साध्या लूव्हरने तो अडत नाही, खाली वाकवलेले कोपरे लावा.

आवाजाबद्दल एकच सांगतो: पंखा गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घ्या आणि निम्म्या वेगावर चालवा. पूर्ण वेगावर घरघरणारा पंखा तिसऱ्या रात्री बंद होतो आणि पुन्हा कुणी लावत नाही.

फिल्टर दोन टप्प्यांचा: पुढे धुता येणारी जाड जाळी, मागे मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टरच्या बारकाईची श्रेणी) किंवा त्याच्या तोडीचा. मर्व्ह १३ सर्वांत बारीक, म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान निम्मे अडवतो, त्याहून मोठे ८५-९० टक्के. हेपा, म्हणजे त्याहून कितीतरी बारीक फिल्टर, लावा असे विक्रेता सांगेल. हेपामधून हवा ढकलायला पंख्यात बराच दाब लागतो. लहान पंख्यावर हेपा चढवला की यंत्र चालू असते आणि हवा येत नसते. उरलेली बारीक धूळ तुमचा प्युरिफायर खोलीत गाळेल, त्याला आता खरे काम मिळेल. ३५ घनमीटरच्या खोलीला त्याचा सीएडीआर, म्हणजे गाळून दिलेल्या हवेचे माप, ताशी पावणेदोनशे घनमीटर असला की पुरे. मेट्रोचे काम चालू आहे तोवर पुढची जाळी पंधरवड्याला धुवा, मागच्या फिल्टरचा रंग दर महिन्याला पाहा. यंत्र घेण्याआधी दुकानदाराला फिल्टरची किंमत विचारा आणि एक जादा फिल्टर तेव्हाच घ्या. पुढल्या वर्षी ते मॉडेल बंद झालेले असते, हा या धंद्यातला रिवाज आहे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जुलैत ठाण्या-मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते, २५ अंशांच्या आसपास असतो. एसी २३ वर ठेवलात की खोलीच्या भिंती त्याच्या खाली जातात आणि बाहेरची हवा जिथे त्यांना शिवते तिथे ओल धरते. बुरशी बहुधा एसीच्या खोलीत येत नाही, पलीकडच्या खोलीत येते: सामाईक भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या मागे, जिथे कुणी बघत नाही. वडिलांच्या खोलीतले कपाट तुमच्या एसीच्या भिंतीला लागून आहे का ते आजच पाहा. असेल तर चार बोटे पुढे ओढा. एसी २६ वर ठेवून पंखा लावा, भिंती कोरड्या राहतात. ज्या खोलीत एसी नाही तिथे कितीही भारी वायुवीजन यंत्र लावले तरी जुलैची आर्द्रता कमी होणार नाही. बाहेरचीच हवा ८५ टक्क्यांची आहे. विक्रेते हे सांगत नाहीत. तिथे डीह्युमिडिफायर किंवा एसीच लागतो. आणि घरात दोऱ्यांवर धुणे वाळत घालणे टाळा, एका फेरीच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जाते. ते बाथरूममध्ये, दार लावून, एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवा.

आता स्वयंपाकघर. तुम्ही लिहिले आहे की चिमणीचा पाइप ड्राय बाल्कनीत सोडला आहे आणि त्या बाल्कनीला दोन वर्षांपूर्वी काचा लावल्या. म्हणजे चिमणी धूर बाल्कनीत फेकते आणि बाल्कनी तो परत घरात देते. हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता चिमणी पाहण्याआधी तिचा पाइप कुठे उघडतो ते पाहतो. पाइप काचेच्या पलीकडे, थेट बाहेर जायला हवा. चुणीदार अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप असेल तर तो ताणून सरळ करा, वळणे दोनपेक्षा जास्त नकोत, आणि सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडलेला असेल तर बदला. डब्यावर छापलेले ताशी १२०० घनमीटर हे पाइप न लावता मोजलेले असते. प्रत्यक्षात तीनशे मिळाले तरी चांगले. ॲश्रेच्या मानकाला शेगडीवर ताशी १७० घनमीटर, म्हणजे १०० सीएफएम पुरते. कार्बन फिल्टरवाली, पाइप नसलेली चिमणी थोडे तेल पकडते. ओल आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तशीच घरात सोडते. दम्याच्या माणसाला हा वायू त्रास देतो.

चिमणी फक्त फोडणीपुरती लावायची नाही, ती शेगडी पेटवतानाच लावायची आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे चालू ठेवायची. आवाज होतो म्हणून ती फक्त मासे तळताना लावणारी घरे खूप आहेत. तुम्ही प्युरिफायरवरच पाहा: मिरचीची फोडणी पडली की हॉलमधला पीएम २.५ चा, म्हणजे अतिबारीक धुळीचा, आकडा (घनमीटरमागे मायक्रोग्रॅम) काही मिनिटांत दोनशेच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १५ आहे, आपल्या राष्ट्रीय मानकात ती ६० आहे. बाहेरच्या मेट्रोला दोष देताना हा आकडा लक्षात घ्या. आणि चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडी ठेवा, नाहीतर ती हवा बाथरूममधून ओढते आणि जेवताना डक्टचा वास येतो. ड्राय बाल्कनीत पाइप गॅसचा मीटर असेल तर काचांमध्ये वर-खाली कायमची उघडी जाळी ठेवणे हा सुरक्षिततेचा भाग आहे, त्यात तडजोड नाही.

बाथरूममध्ये सहा इंची पंखा पुरतो, आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटे चालेल असा टायमर लावला की झाले. तो सामाईक डक्टमध्ये उघडत असेल तर मागे पडणारे शटर हवे, म्हणजे खालच्या मजल्यावरची विडी वर येत नाही. पण बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर पुढचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. बंद बाथरूममधला गॅस गिझर माणूस मारतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो आणि आपल्याकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. तिथे एक्झॉस्ट लावला तर धोका टळत नाही, कधी वाढतो, कारण पंखा गिझरच्या नळीतून जळालेला वायू उलटा आत ओढू शकतो. गिझर बाहेर उघड्या हवेत हलवा, किंवा विजेचा घ्या. यासाठी इतर सगळी कामे थांबवली तरी चालतील.

वडिलांच्या खोलीत यंत्राइतकेच इतर गोष्टींकडे बघा. डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. आईंच्या पूजेवर गदा आणायची गरज नाही. देव्हारा उघड्या खिडकीजवळ असला, अगरबत्तीऐवजी निरांजन लावले आणि धूप सणावारापुरता ठेवला तर बराच फरक पडतो. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर गादीतले धूळकिडे कमी होतात. वडिलांची औषधे आणि पंप मात्र हवा सुधारली म्हणून स्वतःहून कमी करायचे नाहीत, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

खिडक्या उघडायच्याच नाहीत असे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेची हवा सर्वांत वाईट असते; गार हवेचा थर धूळ आणि धूर जमिनीलगत दाबून ठेवतो आणि ऊन चढल्यावर तो सुटतो. ‘सकाळची शुद्ध हवा’ म्हणून सहा वाजता सगळी खिडक्या-दारे उघडायची सवय हिवाळ्यात दुपारी एक ते चारवर न्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या पंधरा मिनिटे उघडल्या की घरातली हवा पूर्ण बदलते. पावसाळ्यात उलट, रस्त्याची धूळ धुऊन गेलेली असते, एसी बंद असेल तेव्हा खुशाल उघडा.

जाता जाता, तुमच्या नागपूरच्या बहिणीलाही फ्रेश एअर युनिट घ्यावे का, असे विचारले आहे. त्यांच्याकडे खिडकीतला कूलर आहे, तो उन्हाळाभर शंभर टक्के बाहेरचीच हवा आत आणतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, टाकीचे पाणी आठवड्याला बदला, एवढेच. त्यांना यंत्र लागलेच तर हिवाळ्यात लागेल.

तुम्ही क्रम असा ठेवा: या आठवड्यात मीटर, दाराखालची फट, कपाट आणि कबुतरांचा कट्टा. मग चिमणीचा पाइप. त्यानंतर तुमच्या बेडरूममध्ये एक युनिट, दोन आठवड्यांच्या नोंदी, आणि आकडा हजारच्या आसपास आला तर वडिलांच्या खोलीत दुसरे. विक्रेत्याकडून लेखी घ्या की फिल्टर आणि नळी बसवल्यावर निम्म्या वेगात ताशी किती घनमीटर हवा येईल, आणि बसवल्यानंतर तो ॲनिमोमीटरने (हवेचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून दाखवेल. जो मोजून दाखवायला तयार नाही त्याला उरलेली रक्कम देऊ नका. काचेच्या पॅनेलचे काम मेअखेरीपर्यंत उरकून घ्या; जूननंतर सिलिकॉन ओल्या चौकटीवर धरत नाही.